बोलिव्हिया : नकाशापेक्षा उंचीने उलगडणारा देश

बोलिव्हियातल्या ला पाझ या शहरात पैसेवाले खाली राहतात आणि कष्टकरी वर. वाडग्याच्या आतल्या अंगाला घरे चिकटवावीत, तसे हे शहर एका खोल दरीच्या उतारांवर वसले आहे. दरीच्या तळाकडचा, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० मीटरांवरचा भाग उबदार आणि वाऱ्यापासून सुरक्षित असल्यामुळे सधन वस्ती तिथे आहे. मध्यावर, ३,६०० मीटरांच्या आसपास, राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय आणि जुनी बाजारपेठ आहे. वाडग्याच्या काठावर, ४,१०० मीटरांच्या उघड्या माळावर, एल आल्तो हे दुसरे शहर पसरले आहे. तिथून रोज हजारो माणसे कामासाठी खाली उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात. २०१४ पासून या चढउतारासाठी दोरवाहिनी, म्हणजे आपण ज्याला रोपवे म्हणतो ती, सार्वजनिक वाहतूक म्हणून चालते. शहराच्या मध्यावरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि पाणी शंभर नव्हे, तर साधारण ८८ अंशांनाच उकळते. नव्याने आलेल्या माणसाला जिन्याच्या चार पायऱ्या चढतानाही दम लागतो. इथेच जन्मलेल्यांना त्याचे काही वाटत नाही.

बोलिव्हिया समजून घेताना बहुतेक जण नकाशा उघडतात. त्यातून एवढे कळते की दक्षिण अमेरिकेच्या मध्यभागी, ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना, चिली आणि पेरू या पाच देशांनी वेढलेला, समुद्रकिनारा नसलेला हा देश सुमारे ११ लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीनपट आहे आणि लोकसंख्या मात्र जेमतेम सव्वा कोटीच्या आत आहे. ही माहिती बरोबर असली तरी तिच्यातून देशाची ओळख होत नाही. बोलिव्हियात कोण कुठे राहतो, काय पिकवतो, कोणती भाषा बोलतो आणि कोणाच्या श्रमावर कोण श्रीमंत झाला, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उंचीशी बांधलेले आहे. म्हणून हा देश सपाट कागदावर न पाहता जिन्यासारखा पाहावा, असे मला वाटते.

जिन्याची सर्वांत वरची पायरी पश्चिमेला आहे. अँडीज पर्वत बोलिव्हियात शिरताना दोन रांगांत फाटतो आणि या रांगांच्या मधोमध साधारण ३,६०० ते ४,००० मीटर उंचीचे विस्तीर्ण पठार तयार होते. स्पॅनिशमध्ये त्याला आल्तिप्लानो, म्हणजे उंच सपाटी, म्हणतात. देशातील सर्वांत उंच शिखर साहामा (६,५४२ मीटर) पश्चिमेकडच्या रांगेत आहे आणि ला पाझमधून दिसणारा बर्फाच्छादित इय्यिमानी पूर्वेकडच्या. या पठाराचे एक वैशिष्ट्य नीट लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे. इथले पाणी समुद्राला मिळत नाही. उत्तरेला पेरूच्या सीमेवर ३,८१२ मीटर उंचीवर तितिकाका सरोवर आहे. त्यातले पाणी देसाग्वादेरो नदीने दक्षिणेला पोओपो सरोवरात येते आणि तिथे बाहेर पडायला वाट नसल्याने उन्हाने उडून जाते. पाणी उडते, पण त्याने डोंगरांतून धुऊन आणलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे असे होत राहिल्याने आणखी दक्षिणेला, जिथे एके काळी मोठी सरोवरे होती तिथे, उयुनीचे मिठाचे मैदान तयार झाले. दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे जगातले सर्वांत मोठे मिठाचे मैदान आहे. पोओपो सरोवर तर २०१५ मध्ये जवळजवळ पूर्ण कोरडे पडले. वाढते तापमान, दुष्काळ, नदीचे वळवलेले पाणी आणि खाणींचा गाळ ही सगळी कारणे त्यामागे होती. त्याच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या उरू लोकांच्या होड्या चिखलात रुतून राहिल्या आणि त्यांतले अनेक जण मिठागरांत व खाणींत मजुरी शोधू लागले.

पठाराच्या पूर्वेला डोंगर उतरू लागतो तिथे दुसरी पायरी लागते. कोचाबांबा, सुक्रे आणि तारिहा ही शहरे अडीच-पावणेतीन हजार मीटरांच्या आणि त्याहून खालच्या सुपीक खोऱ्यांत आहेत. मका, गहू, फळे इथलीच. ला पाझच्या ईशान्येला मात्र डोंगर एकदम कोसळतो आणि धुक्याने भरलेल्या, दमट जंगलांच्या उतारांवर, ज्यांना युंगास म्हणतात, कोकाचे, म्हणजे ज्याची पाने चघळतात त्या झुडपाचे, मळे लागतात.

तिसरी पायरी म्हणजे पूर्वेचा सखल प्रदेश. बोलिव्हिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फाची शिखरे आणि लामा, म्हणजे उंटाच्या कुळातले ओझे वाहणारे प्राणी, येतात, पण देशाची निम्म्याहून बरीच अधिक जमीन या सखल भागात आहे. उत्तरेला अॅमेझॉनचे जंगल, मधे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी मोहोसची कुरणे, पूर्वेला चिकितानियाची कोरडी वने आणि दक्षिणेला चाकोचा काटेरी, तहानलेला मुलूख. मोहोसच्या कुरणांत युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधी माणसांनी मातीचे उंचवटे, कालवे आणि पुरातून वर राहणारे रस्ते बांधून मोठ्या वस्त्या उभ्या केल्या होत्या, हे उत्खननांतून आणि अलीकडे हवेतून केलेल्या लेसर मोजणीतून दिसून आले आहे. आज देशातील सर्वांत मोठे शहर ला पाझ नसून सखल भागातले, सुमारे ४०० मीटर उंचीवरचे सांता क्रुझ आहे आणि त्याच्याभोवती सोयाबीनची अफाट शेती पसरली आहे. त्या शेतीसाठी दरवर्षी किती जंगल जाळले जाते, हा तिथला सर्वांत दुःखद प्रश्न आहे.

या तीन पायऱ्या एकमेकींपासून तुटलेल्या नव्हत्या. उलट, इथल्या मूळ लोकांची सगळी व्यवस्था त्या जोडण्यावर उभी होती. पठारावरच्या आयमारा आणि केचुआ लोकांच्या समाजाचे मूळ एकक म्हणजे आय्यू. नात्याने बांधलेल्या कुटुंबांचा, जमीन सामाईक मानणारा हा समूह. आय्यूची जमीन एकाच ठिकाणी नसे. वर लामा चरत आणि बटाटा पिकत असे, काही कुटुंबे दोन-तीन दिवसांच्या वाटेवरच्या खोऱ्यात मका लावत आणि आणखी खाली कोकाची पाने येत. पठारावर एका रात्रीच्या हिमाने पीक जाऊ शकते. पण तीन उंचींवर तीन पिके असतील तर सगळे एकदम बुडत नाही. धान्याची ही देवघेव लामांच्या तांड्यांवरून होत असे.

बटाट्याचे तर माहेरच हे. तितिकाकाच्या परिसरात, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच भागात, त्याची लागवड पहिल्यांदा झाली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून शब्द व कंद दोन्ही आपल्याकडे आले. आपला ‘बटाटा’ हा पोर्तुगीज ‘बताता’च आहे. पण बटाटा टिकवण्याची बोलिव्हियातली रीत आपल्यापर्यंत पोहोचली नाही, कारण ती उंचीशिवाय शक्यच नाही. जून-जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. कडाक्याच्या थंडीने ते गोठतात, दिवसाच्या प्रखर उन्हात वितळतात, मग बायका-पुरुष अनवाणी पायांनी ते तुडवून त्यांतले पाणी काढतात. काही दिवस असे केल्यावर खड्यासारखा हलका, काळपट चुन्यो तयार होतो, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. वीज आणि यंत्रे येण्याच्या कित्येक शतके आधी गोठवून वाळवण्याचे हे तंत्र या लोकांनी हवामानाकडूनच करून घेतले होते. कोठारात चुन्यो असला की दुष्काळाच्या वर्षीही सैन्य, मजूर आणि गाव जगत असे.

अशा शेतीच्या बळावर तितिकाकाजवळ तिवानाकू हे मोठे नगर उभे राहिले आणि साधारण इसवी सन ५०० ते १००० या काळात त्याचा प्रभाव दूरवर पसरला. ते ओसरल्यावर आयमारा राज्ये आली आणि पंधराव्या शतकात पेरूतल्या कुस्कोहून आलेल्या इंका सम्राटांनी ती जिंकली. इंकांनी लोकांकडून श्रमाचा कर घेतला. प्रत्येक घराने काही काळ रस्ते, कोठारे किंवा खाणी यांसाठी राबायचे आणि त्या काळात राज्याने त्यांना पोसायचे, अशी ती पद्धत होती. तिचे नाव मिता, म्हणजे पाळी. हे नाव पुढे फार वेगळ्या अर्थाने कुप्रसिद्ध झाले.

१५४५ मध्ये पोतोसी इथल्या एका शंकूसारख्या डोंगरात चांदी सापडली. तोवर इंकांना हरवून हा मुलूख ताब्यात घेतलेल्या स्पॅनिश लोकांनी त्याला सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर, म्हटले. ४,००० मीटरांवर, जिथे झाडही नीट उगवत नाही अशा जागी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीस सुमारे दीड लाखांहून अधिक वस्तीचे शहर उभे राहिले. ते त्या काळातल्या युरोपातल्या बहुतेक राजधान्यांएवढे किंवा त्यांहून मोठे होते. आजही स्पॅनिशमध्ये एखाद्या गोष्टीचे मोल फार आहे असे सांगायचे तर ती ‘एका पोतोसीच्या मोलाची’ आहे असे म्हणतात. पण ही चांदी काढायची कोणी? १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने इंकांची मिता उचलली आणि तिच्यातला पोसण्याचा भाग काढून टाकला. सोळा प्रांतांतील प्रौढ मूलनिवासी पुरुषांपैकी सातवा हिस्सा, म्हणजे वर्षाला सुमारे १३,५०० माणसे, पाळीपाळीने पोतोसीला पाठवणे सक्तीचे झाले. काही जण शेकडो किलोमीटर चालत, बायकामुले आणि लामा घेऊन येत. मजुरी इतकी तुटपुंजी होती की येण्याजाण्याचा खर्चही भागत नसे. खाणीच्या आत उष्ण धूळ, बाहेर गोठवणारा वारा आणि दळलेल्या खनिजातून चांदी वेगळी करण्यासाठी वापरला जाणारा पारा, या तिन्हींनी माणसे खंगत गेली. मिता चुकवण्यासाठी अनेकांनी आपापली गावे सोडली आणि आय्यूची ती तीन पायऱ्यांची व्यवस्था खिळखिळी झाली.

ही चांदी लामांवर आणि पुढे खेचरांवर लादून समुद्राकडे उतरे आणि तिथून जगभर जाई. स्पेनच्या लढाया तिच्यावर चालल्या, फिलिपिन्समधल्या मनिलामार्गे ती चीनला गेली आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून भारतातही आली. सुरतेच्या मुघल टांकसाळीत स्पॅनिश नाणी वितळवून रुपये पाडले जात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये जी सुरत मारली, तिच्या संपत्तीत अमेरिकेच्या डोंगरांतून आलेल्या चांदीचाही वाटा होता. पोतोसीच्या खाणीत मरणाऱ्या माणसाला यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या पिळवणुकीविरुद्ध अनेक उठाव झाले. त्यांतला सर्वांत मोठा १७८१ चा. तुपाक कातारी आणि त्याची पत्नी बार्तोलिना सिसा यांच्या नेतृत्वाखाली हजारो आयमारा शेतकऱ्यांनी ला पाझला वेढा घातला. त्यांची छावणी आजच्या एल आल्तोच्या काठावर होती. वाडग्याच्या कडा ज्याच्या हातात, शहराचे अन्नपाणी त्याच्या हातात, हे त्यांनी अचूक ओळखले होते. वेढा महिनोन्‌महिने चालला, पण अखेर कातारीला पकडून नोव्हेंबर १७८१ मध्ये त्याचे चार घोड्यांकरवी तुकडे करण्यात आले आणि पुढच्या वर्षी ५ सप्टेंबरला बार्तोलिनालाही ठार मारण्यात आले. तो दिवस आज मूलनिवासी स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.

स्पेनपासून स्वातंत्र्य ६ ऑगस्ट १८२५ रोजी मिळाले आणि स्वातंत्र्ययुद्धाचा नेता सिमोन बोलिव्हार याच्या नावावरून देशाचे नाव ठेवले गेले. राजधानीला त्याचा सेनापती सुक्रे याचे नाव मिळाले. राज्यघटनेनुसार सुक्रे आजही राजधानी आहे आणि सर्वोच्च न्यायालय तिथेच आहे; सरकार आणि संसद मात्र १८९९ च्या यादवी युद्धानंतर ला पाझला गेली. स्वातंत्र्याने सत्ता बदलली, पण मूलनिवासींवरचा डोईपट्टीसारखा कर नव्या प्रजासत्ताकानेही घेतलाच, आणि सुरुवातीच्या दशकांत सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग त्यातूनच येत असे.

त्या वेळी बोलिव्हियाला समुद्र होता. अटाकामाच्या वाळवंटातून प्रशांत महासागरापर्यंत पोहोचणारी सुमारे ४०० किलोमीटरांची किनारपट्टी त्याच्या ताब्यात होती. पण ला पाझ आणि सुक्रेपासून ती दूर, डोंगर आणि वाळवंट ओलांडून गाठावी लागे, त्यामुळे तिथे बोलिव्हियन माणसे थोडी आणि चिलीहून आलेली फार. या वाळवंटात खत आणि दारूगोळ्यासाठी लागणारा सोरा निघू लागला, तेव्हा ते काम चिली-ब्रिटिश भांडवलाने सुरू केले. १८७४ च्या तहात बोलिव्हियाने या कंपन्यांवरचे कर २५ वर्षे न वाढवण्याचे मान्य केले होते. १८७८ मध्ये सरकारने प्रत्येक क्विंतालवर १० सेंतावोंचा कर लावला, कंपनीने तो नाकारला, सरकारने मालमत्ता जप्त करून लिलावाला काढली आणि लिलावाच्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ रोजी, चिलीचे सैन्य आंतोफागास्ता बंदरात उतरले. बोलिव्हियाशी गुप्त तह असल्याने पेरूही युद्धात ओढला गेला. १८८४ मध्ये शस्त्रसंधी आणि १९०४ मध्ये तह झाला; किनारा कायमचा गेला आणि बदल्यात चिलीच्या बंदरांतून माल नेण्याचा हक्क व आरिका ते ला पाझ असा लोहमार्ग मिळाला. दरवर्षी २३ मार्चला शाळकरी मुले समुद्राच्या आठवणीत मिरवणूक काढतात. देशाचे नौदल तितिकाकावर आणि नद्यांवर सराव करते. समुद्रमार्गाबाबत वाटाघाटी करणे चिलीवर बंधनकारक ठरवावे, ही मागणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी १२ विरुद्ध ३ मतांनी फेटाळली, तेव्हा ला पाझच्या चौकात जमलेल्या लोकांना अश्रू आवरले नाहीत. ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता, त्यांना तो हरवल्याचे इतके दुःख का, असे बाहेरच्यांना वाटते; पण आपला माल दुसऱ्याच्या दारातून नेणाऱ्या देशाला प्रत्येक पोत्यामागे ते दार आठवत राहते.

सोऱ्याच्या त्या युद्धानंतरही जमीन जातच राहिली. १९०३ मध्ये रबराच्या जंगलांचा आक्रे प्रदेश ब्राझीलकडे गेला. १९३२ ते १९३५ या काळात पॅराग्वेशी चाकोसाठी युद्ध झाले. थंड पठारावरचे केचुआ आणि आयमारा तरुण चाकोच्या भट्टीत उतरवले गेले आणि त्यांतले कित्येक गोळीने नव्हे, तर तहानेने आणि रोगाने मेले. पण त्या खंदकांत पठार, खोरे आणि जंगल इथली माणसे पहिल्यांदा एकमेकांना भेटली, आणि परतलेल्या सैनिकांनी, ज्या देशासाठी आम्ही लढलो त्यात आमचे काय, असा प्रश्न विचारायला सुरुवात केली.

तोवर चांदीची जागा कथिलाने घेतली होती आणि पातिन्यो, होकशिल्ड व आरामायो या तीन घराण्यांकडे देशाची बहुतांश निर्यात होती. एप्रिल १९५२ मध्ये क्रांती झाली. खाणकामगार आणि बंडखोर पोलिसांपुढे सैन्य हरले, आणि विक्तोर पास एस्तेन्सोरो यांच्या सरकारने लिहिता-वाचता येण्याची अट काढून सर्व स्त्री-पुरुषांना मताधिकार दिला, मोठ्या खाणी सरकारजमा केल्या आणि १९५३ मध्ये जमीनदारी मोडून कुळांना जमिनी दिल्या. १९६४ पासून पुढची बरीच वर्षे लष्करशहांची होती. चे गेव्हारा याला १९६७ मध्ये बोलिव्हियातच मारण्यात आले. लोकशाही १९८२ मध्ये परतली, तीही भयानक महागाई घेऊन. १९८५ मध्ये कथिलाचा भाव कोसळला आणि वीस हजारांहून अधिक खाणकामगार बेकार झाले. काही कुटुंबे एल आल्तोला जाऊन राहिली, काही खाली चापारेच्या जंगलात कोका लावायला गेली. आपल्याबरोबर त्यांनी खाणीतली संघटना आणि बंदची सवय नेली, आणि पुढच्या वीस वर्षांच्या राजकारणाचे मूळ मला या स्थलांतरात दिसते.

२००० मध्ये कोचाबांबात पाणीपुरवठा खासगी कंपनीला दिल्यावर पाणीपट्टी एकदम वाढली. लोकांनी शहर बंद पाडले आणि करार रद्द करायला लावला. २००३ मध्ये नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून परदेशी विकण्याच्या बेतावरून एल आल्तोने पुन्हा वाडग्याच्या कडा अडवल्या. गोळीबारात अनेकांचे बळी गेले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. चापारेच्या कोका उत्पादकांचे नेते, मूळचे पोओपोजवळच्या ओरिनोका गावचे आयमारा, एव्हो मोरालेस डिसेंबर २००५ मध्ये निवडून आले. २००९ च्या घटनेने देशाला ‘बहुराष्ट्रीय राज्य’ म्हटले आणि स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला. वायूच्या पैशातून दारिद्र्य खरोखर कमी झाले आणि घेरदार पोय्येरा घागरा व गोल हॅट घालणाऱ्या ज्या स्त्रियांना पूर्वी हॉटेलांत शिरू देत नसत, त्या मंत्री झाल्या. हे यश मोठे आहे. पण २०१६ च्या सार्वमतात मतदारांनी नाकारूनही मोरालेस पुन्हा उभे राहिले, आणि २०१९ ची वादग्रस्त निवडणूक, त्यांचा राजीनामा व त्यानंतरचा रक्तपात यांनी देश दुभंगला. पुढे वायूचे उत्पादन घटले, डॉलर आटले, इंधनासाठी रांगा लागल्या आणि २०२५ च्या निवडणुकीत मोरालेस यांच्या काळापासून जवळजवळ वीस वर्षे सत्तेवर असलेल्या पक्षाचा धुव्वा उडाला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत रॉड्रिगो पास विजयी झाले.

आता सगळ्यांचे लक्ष उयुनीकडे आहे. पठारावरून बाहेर न जाऊ शकलेल्या त्या पाण्याने मागे ठेवलेल्या क्षारांत लिथियमही आहे, आणि मोबाइल व विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या त्यावर चालतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार बोलिव्हियात सुमारे २ कोटी ३० लाख टन लिथियम आहे, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. ते मिठाच्या थराखालच्या खारवट पाण्यात विरघळलेले असते. शेजारच्या चिलीत ते पाणी उन्हात आटवून लिथियम काढतात. उयुनीत मॅग्नेशियम जास्त आणि पाऊसही पडतो, त्यामुळे ते इतके सहज साधत नाही, आणि प्रत्यक्ष उत्पादन अजून फारच थोडे आहे. उयुनीचे मैदान प्रशासकीयदृष्ट्या पोतोसी प्रांतातच येते. म्हणून जर्मन कंपनीशी झालेला करार आपल्याला पुरेसा मोबदला देत नाही असे म्हणत पोतोसीचे लोक २०१९ मध्ये रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारला तो रद्द करावा लागला. नंतर चिनी आणि रशियन कंपन्यांशी झालेल्या करारांबद्दलही मैदानाकाठच्या किन्वा हे धान्य पिकवणाऱ्या आणि लामा पाळणाऱ्या गावांनी तेच दोन प्रश्न विचारले : आमच्या विहिरींचे पाणी किती जाणार, आणि पोतोसीच्या वाट्याला काय येणार?